न पेरलेले टमाटर

शालिकराम कामावरून सुटला की घरी यायच्या आधी अंगाला कोळसा फासायचा.

कोणी म्हणेल, त्यात काय नवल, भिलाईत अंगाला कोळसा लागायचाच. पण लागणं वेगळं आणि फासणं वेगळं. सांडपाण्याच्या फार्मवरचं काम संपलं की तो पंपाच्या खोलीमागं लाल कार्बोलिक साबणानं हात कोपरापर्यंत घासायचा, पाय घासायचा, कपडे बदलायचा आणि मग सायकल मुद्दाम रेल्वेच्या सायडिंगवरून वळवायचा. तिथं वॅगनीतून सांडलेला कोळशाचा चुरा पडलेला असे. मूठभर उचलून तो शर्टावर, बाह्यांवर, गालांवर चोळायचा. असा काळा होऊन तो मजुरांच्या कॅम्पातल्या गल्लीत शिरला की नळावरच्या बाया म्हणायच्या, "आले वो कोकओव्हनवाले!" आणि ते ऐकून गडी खूश व्हायचा. कोकओव्हन म्हणजे पोलाद कारखान्यातली कोळसा भाजायची भट्टी, आणि कारखान्याच्या घामाला कोणी नावं ठेवत नाही. नावं ठेवतात ती दुसऱ्या गोष्टीला, आणि शालिकराम नेमका त्या दुसऱ्या गोष्टीवर पोट भरत होता.

त्याचं काम असं. नव्या टाउनशिपचं सगळं सांडपाणी नळांतून फार्मवर येई. टाक्यांत गाळ खाली बसे. तो गाळ वाळूच्या वाफ्यांवर पसरायचा, उन्हात वाळून त्याच्या खापऱ्या झाल्या की फावड्यानं उचलायच्या, तणस आणि पालापाचोळ्याचे थर देऊन ढीग रचायचा. ढीग आतून तापे. हात घातला तर ठेवता येत नसे, सकाळी वाफा निघत. तो पुन्हा पुन्हा उलथायचा, पाणी मारायचं, वाट पाहायची. शेवटी जे हाताशी येई ते काळं, भुसभुशीत, वासाला पावसाळ्याआधीच्या नांगरटीसारखं. शालिकराम जातीचा कुणबी, भंडाऱ्याकडचा. त्याच्या गावी अशा खताला सोनखत म्हणत आणि ज्याच्या शेतात ते पडे त्याचा हेवा करत. पण ते शेतात पडल्यावर. करणाऱ्याचा हेवा कोणी केल्याचं त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

त्या खतात त्याचा जीव होता, हे मात्र खरं. खोटं बोलणारा माणूससुद्धा कामात खरा असू शकतो.

ही जागा त्याला मिळाली तीसुद्धा जानरावमुळे. जानराव त्याच्या शेजारच्या गावचा, लहानपणापासूनचा ओळखीचा. दोघं एकाच गाडीनं भिलाईला उतरले आणि एका ठेकेदाराच्या मुनशीसमोर एकाच रांगेत उभे राहिले. मुनशीनं नाव विचारलं, गाव विचारलं, मग जात विचारली. जानरावनं सांगितलं, "बौद्ध." मुनशी हसला. "म्हणजे पहलेका महार ना? तुम्हारे लिए बढिया जगह है, गंदे पानी के फार्म पर." जानराव म्हणाला, "ते काम सोडून आलो मी. नागपूरले दीक्षा घेतली तवाच सोडलं." मुनशी म्हणाला, मग दुसरं काही नाही. जानराव रांगेतून बाहेर पडला. पुढं कित्येक महिने तो जामुलकडं दगड फोडत होता, उपाशी झोपत होता, पण फार्मच्या वाटेला गेला नाही. नंतर प्लांटमध्ये भरती झाली तेव्हा तो ब्लास्ट फर्नेसवर, लोखंड वितळवायच्या भट्टीवर लागला, कायम झाला, आणि आता सेक्टरमधल्या क्वार्टरची वाट पाहत या कॅम्पात शालिकरामच्या भिंतीला भिंत लावून राहत होता.

आणि जानराव रांगेतून निघाला तसा मागं उभा असलेला शालिकराम पुढं झाला होता. "मले द्या ते काम. खताचंच हाय ना? मी शेतकरी माणूस." पोटाला भूक होती, घरी बाप वारलेला, बायको रुक्मा आणि लहान बहीण पंचफुला यांची जबाबदारी होती. तेव्हा त्याला लाज वाटली नाही. लाज वाटली ती गावी पहिला निरोप धाडताना. निरोप नेणारा विचारू लागला, काय काम करून राहिला सांगू? शालिकराम बोलून गेला, "कोकओव्हनमध्ये हाओ म्हणून सांग." एकदा तोंडातून निघालं, आता त्या शब्दाला जागणं आलं. तेव्हापासून कोळसा.

जानरावला सगळं ठाऊक होतं. पहिल्यांदा शालिकराम काळा होऊन आला तेव्हा त्यानं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एवढंच म्हटलं, "तुह्या कामाचं तू सांग नाही तं नोको सांगू. मी तोंड उघडत नाही." आणि त्यानं नाही उघडलं.

रुक्मालाही ठाऊक नव्हतं. नवरा आठवड्याला पोतंभर खत आणतो, ते प्लांटचं खत आहे, एवढं तिला माहीत. कोकओव्हनच्या धुरातून खत निघतं असं गल्लीत सगळ्यांनीच ऐकलं होतं. ते पांढरं, मिठासारखं असतं हे कोणी पाहिलं नव्हतं. रुक्मानं अंगणात वांगी लावली, कोहळ्याचा वेल मांडवावर चढवला, मेथी पेरली, सांबार म्हणजे कोथिंबीर पेरली. भिलाईच्या त्या लाल मुरमाड मातीत जिथं कुसळ धड येत नव्हतं तिथं वांगी अशी लगडली की झाडं काठीनं बांधावी लागली. रुक्मा शेतकऱ्याची लेक. पहिला तोडा घरात ठेवायचा नाही, आधी वानवळा द्यायचा, ही तिला लागलेली सवय. टोपल्यात वांगी घालून ती गल्लीत दारोदार फिरली. समोरच्या ठकूबाईकडं दिली, वरच्या लाइनीत दिली, आणि जानरावच्या बायकोकडं, कांताकडंही दिली. कांतानं टोपलं घेतलं आणि रिकामं परत न देता त्यात मूठभर जवस घातले. गल्लीत तेव्हा सगळ्यांच्या घागरी नळावर एका रांगेत लागत. कांताची घागर ज्या नंबरावर असे त्याच नंबरावर भरे. साधी गोष्ट आहे, पण कांताच्या आईच्या नशिबी ती कधी आली नव्हती.

वानवळा घेऊन बायका म्हणत, "रुक्मा, तुह्या हाताले गुण हाय वो." शालिकराम ओट्यावर बसून ऐके. त्याला सांगावंसं वाटे की हाताला नाही, खताला गुण आहे, आणि खत माझं आहे. पण सांगता येत नसे. मग तो बिडी पेटवी.

पंचफुलाला स्थळ आलं ते दुर्गहून. आधीची एक सोयरीक जमता जमता मोडली होती, पोरीचं वय लोक आता बोटांवर मोजू लागले होते, म्हणून शालिकराम या स्थळाला जपत होता. मुलगा रेल्वेत. मुलाचे वडील केवलराम जातवाले, बोलायला मोकळे, तरुणपणी नागपूरच्या बाहेर नाल्याकाठी भाजीपाल्याची शेती केलेले. मुलाकडून एकच अट होती, घर बरं पाहिजे. "पैशाचं काही नाही बाप्पा," केवलराम म्हणाले होते, "मानाचं पाहिजे." शालिकरामनं कोकओव्हन सांगितलं आणि केवलरामनी मान डोलावली, त्याला इवाई, म्हणजे व्याही, म्हणायलाही लागले.

रविवारी पाहुणे पोरगी पाहायला आले. रुक्मानं वांग्यांचं भरीत केलं, मेथीची भाजी केली, सगळं अंगणातलं. केवलराम जेवून ढेकर देत हात धुवायला अंगणात आले आणि तिथंच रेंगाळले. शेतकऱ्याला दुसऱ्याची बाग दिसली की पाय निघत नाही. वांग्यांच्या झाडांत वाकून ते म्हणाले, "हे टमाटर कोण लावले?"

वांग्यांच्या वाफ्यात, मेथीत, कोहळ्याच्या बुंध्याशी, जिथं तिथं टमाटराची रोपं उगवली होती. नुसती उभी राहिली होती, गवतासारखी.

"लावले नाही मामाजी," रुक्मा दारातून कौतुकानं म्हणाली, "आपसूक आले. यायनं खत आणलं तवापासून येऊनच राहिले. उपटले तरी येतेत."

केवलरामनी खाली बसून मूठभर माती उचलली. हातावर चोळली, नाकाशी नेली. शालिकराम मागं उभा होता.  टमाटराचं बी माणसाच्या पोटात मरत नाही, नळातून वाहून येतं, गाळात बसतं, ढिगाच्या थंड कडेला राहून जातं, हे त्याला पक्कं माहीत होतं. फार्मवरचे वाफे तर हिवाळ्यात टमाटरांनी हिरवे होत. इतकं माहीत असून अंगणातली रोपं वेळेवर उपटायचं त्याला सुचलं नव्हतं. चोर सगळं झाकतो आणि टाच उघडी ठेवतो, तशातली गत.

"नागपूरले नाल्याच्या गाळाचं खत घेत होतो आमी," केवलराम हळूहळू म्हणाले. "ते टाकलं का टमाटर बिनबोलावता येते. हे तेच हाय. शहराच्या घाणीचं खत हाय हे." त्यांनी हात झटकला आणि शालिकरामकडं पाहिलं. "इवाई, हे तुमी कोठून आणलं?"

 पाहुण्यांच्या बायका दारात आल्या होत्या. पंचफुला पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. कुंपणापलीकडून ठकूबाई डोकावत होती, कारण पाहुणे आले की डोकावणं हा तिचा हक्कच होता.  शालिकरामला एकच वाक्य बोलायचं होतं. मी तिथं काम करतो.

त्याच्याआधी ठकूबाई बोलली. "अवो, ते जानराव आणून देत असन! शेजारी हाय न त्यायचा. त्यायचंच काम हाय ते पहिल्यापासून." आणि तिनं हनुवटीनं शेजारच्या अंगणाकडं दाखवलं.

सगळ्यांचे चेहरे सैल झाले. असं असेल तर ठीक, अशी ती सुटका होती. केवलराम म्हणाले, "अस्सं व्हय. शेजारी त्यायच्यातला हाय का? मंग बराबर हाय." आणि शालिकरामच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भोळे हा तुमी इवाई. शेजाऱ्यानं देल्लं म्हणून काही घेते काय माणूस?"

शालिकराम म्हणाला, "हूं."

एवढंच. तो ना हो म्हणाला ना नाही म्हणाला. पण त्या एका हुंकारात जे व्हायचं ते होऊन गेलं. पलीकडच्या अंगणात जानराव सायकल उलटी करून चाक नीट करत बसला होता. चाकाचा आवाज थांबला. शालिकरामनं मान वळवली नाही, तरी कान तिकडंच होते. थोड्या वेळानं जानरावनं सायकल सरळ केली, उचलली आणि घरात नेली. दार लावलं. दुपारी त्या घराचं दार कधी लागत नसे.

पाहुणे गेले ते साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, दिवस ठरवून. रुक्मा आनंदानं रडली. शालिकरामला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशीपासून गल्ली बदलली. ठकूबाईनं वानवळ्याची वांगी नळाजवळ सगळ्यांसमोर फेकून दिली आणि वर म्हणाली, "रुक्माचा काय दोष बिचारीचा." मग नळावर कांतानं घागर लावली तशी पुढच्या बाईनं आपली घागर जराशी सरकवली, मागचीनं जराशी मागं ओढली. भांडण नाही, तंटा नाही, शब्द नाही. नुसती घागरीभोवती मोकळी जागा. कांता ती जागा ओळखत होती. तिच्या आईनं तिला ती दाखवली होती.

भिंत पत्र्याची, त्यामुळे या घरचा शब्द त्या घरी जाई. संध्याकाळी कांता म्हणत होती, "तुमचा प्लांटचा गेटपास दाखवा न त्याइले. ब्लास्ट फर्नेस लिहिलं हाय त्याच्यावर. एकडाव दाखवा, म्हंजे तोंडं बंद होतीन."

"कावून दाखवू?" जानरावचा आवाज. "मी साफ हाओ म्हणून पास दाखवत फिरू? ज्याले माहीत हाय तो बोलून नाही राहिला, अन् मी दाखवू?"

भिंतीच्या अलीकडं शालिकराम ताटावर बसला होता. रुक्मा म्हणाली, "काय म्हणून राहिले ते? कोणाले माहीत हाय?" शालिकराम म्हणाला, "मले काय माहीत." असं म्हणताना त्याचा घास घशात अडकला आणि त्याला इतका ठसका लागला की डोळ्यांत पाणी आलं. रुक्मानं पाठीवर थापट्या मारल्या. प्रेमानं मारलेल्या त्या थापट्यांनी त्याला जास्तच लाज वाटली.

कामावर तो ढीग उलथायचा आणि मनात बोलायचा. साक्षगंध होऊन जाऊ दे, मग सांगतो. लग्न लागू दे, मग सांगतो. लाजेचं असंच असतं, ती नेहमी पुढच्या मुहूर्ताची वाट पाहते. जानराव रस्त्यात भेटला की सायकल बाजूला घेऊन जाऊ देई, शिवी देत नसे. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

साक्षगंधाला अंगणात मांडव घातला. टमाटराची रोपं शालिकरामनं पहाटेच उपटून टाकली होती. गल्ली सगळी आली, जानरावचं घर सोडून. पंचफुला हिरव्या लुगड्यात पाटावर बसली. कुंकू लावायची वेळ झाली तेव्हा केवलरामनी गमतीनं मोठ्यानं विचारलं, "काहो इवाई, खत बदललं ना? का अजून जानरावचंच चालू हाय?"

मांडव हसला. पत्र्याच्या भिंतीपलीकडं कोणीतरी भांडं ठेवलं, जरा जोरात.

काय झालं ते शालिकरामलाही कळलं नाही. तो उभा राहिला. "जानरावनं खत नाही देल्लं," तो म्हणाला.  "जानराव ब्लास्ट फर्नेसवर हाय. सांडपाण्याच्या फार्मवर मी हाओ. पहिल्यापासून मीच हाओ. ते खत मी करतो. आता सोयरीक ठेवाची का मोडाची ते तुमी पाहा."

 संपलं असं त्याला वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

ठकूबाई हसली. "काहो भाऊ, आमी आंधळ्या हाओ काय? रोज कोळशानं काळे होऊन येता, आमच्या डोळ्यासमोर येता. फार्मवर कोळसा असते का?"

"तो कोळसा मी फासतो!" शालिकराम ओरडला. "सायडिंगवरून घेऊन फासतो!"

यावर तर मांडव असा हसला की वाजंत्रीवालाही हसला. कोळसा कोणी फासून घेतं का? शालिकरामनं आपले हात पुढं केले. पाहा, म्हणाला, हे हात पाहा. पण हात साबणानं पांढरेफटक होते, त्यांच्यावर काही लिहिलेलं नव्हतं. केवलरामनी ते दोन्ही हात आपल्या हातात धरले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"पाहा," ते सगळ्यांकडं वळून म्हणाले, "याले म्हणते मोठं मन. शेजाऱ्याचं नाव खराब झालं तं त्याची घाण आपल्या अंगावर घेऊन राहिला हा माणूस. तेही बहिणीच्या साक्षगंधात! अशा घरची पोरगी नाही कराची तं कोठली कराची? लावा वो कुंकू."

बायांनी कुंकू लावलं. शालिकराम म्हणत राहिला, "नाही जी, ऐका, खरं हाय ते," आणि लोक त्याच्या पाठीवर थाप मारत राहिले. देवमाणूस, म्हणाले. फक्त एक रुक्मा हसली नाही. ती मांडवाच्या खांबाला धरून उभी होती. इतकी वर्षं ती तो शर्ट दगडावर आपटत होती. कोळसा नेहमी छातीवर असे, बाह्यांवर असे. कॉलरच्या आत, काखेत, पाठीवर कधीच नसे. तिनं ते पाहिलं होतं आणि त्यावर विचार केला नव्हता. आता केला.

पाहुणे गेल्यावर ती म्हणाली, "खताची लाज नाही मले. माह्या बापाच्या वावरात ते पडे तं आमी खुशीनं बोरं वाटत होतो. पण कांताची घागर सरकत होती, अन् मी तिच्या मांगं उभी राहून पाहत होती. तुमी मले पाहू देल्लं."

शालिकराम उठला. त्यानं ताटलीत बुंदीचे लाडू घेतले आणि शेजारचं दार वाजवलं.

जानरावनं दार उघडलं, पण उंबऱ्यातच उभा राहिला. मागं कांता चुलीपाशी होती. तिनं वळून पाहिलं नाही.

"मी सांगितलं जानराव," शालिकराम म्हणाला. "सगळ्याइसमोर सांगितलं."

"ऐकलं," जानराव म्हणाला. "पत्र्याची भिंत हाय."

"त्याइनं मानलं नाही तं मी काय करू?"

जानरावनं त्याच्याकडं पाहिलं. रागानं नाही. थकल्यासारखं. "तू चूप राह्यला तवा मी लहान झालो," तो म्हणाला. "तू बोलला तवा तू मोठा झाला. माह्या वाट्याले काय आलं, सांग बरं?"

शालिकरामनं लाडवांची ताटली पुढं केली.

"दगड फोडले गा मी," जानराव म्हणाला. "उपाशी राह्यलो. कायच्यासाठी? हे नाव माह्या लेकरायले लागू नोको म्हणून. अन् तू एक हूं म्हणून लावून देल्लं. आमच्या बापजाद्यायनं तुमची घाण ओढली. आता तुही लाज बी मीच ओढू?" मग लाडवांकडं पाहून म्हणाला, "हे घेऊन जा. पंचफुलाले आशीर्वाद हाय माहा. तिचा काही कसूर नाही."

दार हळूच लागलं. हळू लावलेलं दार जास्त लागतं.

दुसऱ्या दिवशी शालिकरामनं नव्या वाफ्यावर काम मागून घेतलं, जिथं गाळ अजून ओला होता. दिवसभर त्यात उभा राहिला. सुटी झाल्यावर तो पंपाच्या खोलीमागं गेला, साबण हातात घेतला आणि पुन्हा कोनाड्यात ठेवला. कपडे बदलले नाहीत. सायडिंग आलं तेव्हा सायकल सवयीनं वळली. त्यानं ती सरळ केली.

गल्लीत नळावर रांग होती. नेहमीसारखीच. ठकूबाई, वरच्या लाइनीच्या बाया, मध्ये मोकळी जागा ठेवून कांता, आणि तिच्या मागं घागर घेऊन पंचफुला. गुडघ्यापर्यंत राखाडी गाळानं माखलेला, वास मारणारा शालिकराम सायकल टेकवून थेट नळापाशी जाऊन उभा राहिला. त्याला पाणी नको होतं. भांडंही नव्हतं.

आधी वास आला. मग एक एक मान वळली. कोणी नाकाला पदर लावला. ठकूबाई म्हणाली, "काय झालं वो भाऊ? गटारात पडले काय?"

"नाही," शालिकराम म्हणाला. "कामावरून आलो."

ठकूबाईनं हसायला तोंड उघडलं, पण वास तोंडात शिरला आणि हसू जागेवर राहिलं. शब्दाला खोटं म्हणता येतं, वासाला म्हणता येत नाही. तिनं त्याच्या पायांकडं पाहिलं, हातांकडं पाहिलं, नखांत अडकलेल्या गाळाकडं पाहिलं. मग तिनं आपली घागर उचलली आणि बाजूला झाली. दुसरीनं उचलली. तिसरीनं ओढून घेतली. एका क्षणात रांग मोडली. त्या घागरी लांब जाऊन उभ्या राहिल्या, आणि मधली ती मोकळी जागा आता शालिकरामभोवती होती. ती जागा कशी असते ते त्याला पहिल्यांदा कळलं.  जानरावनं ही जन्मभर पाहिली होती, आणि आपण ती त्याला परत नेऊन दिली होती.

रात्रीपर्यंत हे दुर्गला पोचणार होतं. ठकूबाईचा भाऊ तिथंच राहत होता.

कांता जागची हलली नव्हती. नळ मोकळा होता. तिनं घागर लावली, भरू दिली, काठोकाठ भरल्यावर उचलून कमरेवर घेतली. शालिकरामजवळून गेली. त्याच्याकडं पाहिलं नाही, बोलली नाही. तिनं बोलावं असं त्यानं काही केलंही नव्हतं.

मागं पंचफुला उरली होती. कालचं कुंकू अजून कपाळावर होतं. ती भावाकडं पाहत होती आणि तिला सगळं कळत होतं, दुर्गचंही. शालिकरामला वाटलं, आता हीही घागर उचलेल, आणि उचलली तर तिचं चुकलं असं कोणी म्हणू नये.

"दादा," ती म्हणाली, "जरा सरका तिकडं. माहा नंबर हाय."

तिनं घागर नळाखाली लावली. शालिकराम सरकला, आणि घागर भरेपर्यंत तिथंच मान खाली घालून उभा राहिला.